गप्प बसलेल्या मुलीचं गणित

दिवाळीत माझा भाचा अमेरिकेहून आला होता. पुढ्यात फराळाचं ताट, चहा निवत चाललेला, आणि हा आपला मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. मी दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे मान वर झाली. म्हणाला, मावशी, इकडे ये, तुला एक गंमत दाखवतो. गंमत कसली, तर बंदुकीच्या गोळीचा हिशेब!

त्याला तिकडे रायफलने कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी क्लबात जातो. तेही विकतची काडतुसं घेऊन नाही, तर घरी स्वतः भरून. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्याला आधी सुनावलं. तिकडे तो रीतसर छंद आहे म्हणे. एका काडतुसाचे चार भाग असतात: पितळेचं कवच, बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. दारू मोजायची ती ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. मला आपला सोनाराचा तराजू आठवला.

मोबाइलमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. गोळीचं वजन, तिचा आकार, नळीतून सुटतानाचा वेग, हवेचं तापमान, हवेचा दाब, वारा कुठून किती, एवढं भरलं की गोळी किती अंतरावर किती खाली येईल आणि वाऱ्याने किती सरकेल, ते क्षणात दिसतं. मला वाटायचं, गोळी सरळ जाते. कसली सरळ जाते! हातातून सुटलेली वाटी असो की नळीतून सुटलेली गोळी, धरती दोघींना सारखीच ओढते. अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर खाली. वरून हवा अडवते ती वेगळीच.

मी सहज विचारलं, मोबाइल नव्हते तेव्हा काय करायचे रे? म्हणाला, छापील तक्ते असायचे. आणि ते तक्ते कोण करायचं? यावर मात्र त्याने खांदे उडवले. सैन्यातले कोणीतरी असतील, म्हणाला.

हे कोणीतरी माझ्या डोक्यातून जाईना. भाचा गेला, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी जाईना. मग लेकीने इंटरनेटवर शोधून दिलं, मी रोज दुपारी थोडं थोडं वाचत गेले, आणि एका बाईपाशी येऊन थांबले. मैत्रिणींनो, आज तिचीच गोष्ट सांगायची आहे. तिचं नाव के मॅकनल्टी.

के जन्मली १२ फेब्रुवारी १९२१ रोजी, आयर्लंडच्या अगदी उत्तरेकडच्या डोनेगल भागात, क्रीस्लॉ नावाच्या खेड्याजवळ. तिथले लोक घरात इंग्रजी नव्हे, आयरिश भाषा बोलत. तेव्हा आयर्लंडवरही आपल्यासारखंच इंग्रजांचं राज्य होतं आणि ते उलथवायला लोक उठले होते. के चे वडील जेम्स त्यांच्यातले. तिचा जन्म झाला त्याच रात्री शिपाई आले आणि त्यांना पकडून घेऊन गेले. आई बाळंतिणीच्या खाटेवर, मोठी मुलं पायात घोटाळणारी, आणि नवरा तुरुंगात. दोन वर्षं तो माणूस सुटला नाही. त्या माउलीने ती दोन वर्षं कशी काढली असतील, ते मी सांगायची गरज नाही. आपल्यातल्या कितीजणींना ते वाचल्यावाचून कळेल.

वडील सुटले आणि १९२४ च्या ऑक्टोबरात घर गुंडाळून सगळे अमेरिकेला गेले. फिलाडेल्फिया शहरात, चेस्टनट हिल भागात त्यांनी बिऱ्हाड केलं. वडील दगडकामाचे गवंडी. हळूहळू त्यांनी स्वतःचा बांधकामाचा धंदा उभा केला. के तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आयरिशमधल्या प्रार्थना मात्र तिला म्हातारपणापर्यंत पाठ होत्या.

इथे मी वाचता वाचता थांबले. का थांबले, ते सांगते.

मी तलासरीत प्राथमिक शिक्षिका आहे. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन इकडे आले. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर महाराष्ट्राचं हे शेवटचं टोक, पुढे लगेच गुजरात. वर्गातली बहुतेक मुलं वारली, काही धोडी, काही कोकणा. घरी ती आपापली बोली बोलतात. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत, आणि बाई बोलणार साताऱ्याचं. सुरुवातीला मला हे कळलंच नव्हतं. मला वाटायचं, मराठीच तर आहे सगळं, न कळायला काय झालं?

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, मोठे डोळे, आणि तोंडाला कुलूप. चार महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. पाटीवर दोन आणि तीन किती, असं विचारलं की नुसती बघत राहायची. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहून टाकलं: मंद. पेन्सिलीने नाही हो, शाईने लिहिलं. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी के ची गोष्ट पुरी करू.

के शाळेत शिकली, आणि गणितात तिला गोडी लागली. मुलींच्या कॅथलिक शाळेतून पुढे ती चेस्टनट हिलच्या मुलींच्या कॉलेजात गेली. १९४२ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या ९२ मुलींमध्ये गणित घेतलेल्या किती? अवघ्या तीन. के त्यांतली एक आणि तिची मैत्रीण फ्रॅन बिलास दुसरी. आता गणित शिकलेल्या मुलीने करायचं काय? तेव्हा याचं उत्तर एकच होतं, शिक्षिका हो. के ला ते नको होतं. विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करावं असं तिच्या मनात होतं, पण त्याला आणखी शिक्षण लागत होतं. तिने हिशेबाचे आणि व्यापाराचे विषयही शिकून घेतले होते, कुठेतरी उपयोगी पडतील म्हणून.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. पुरुष सैन्यात गेलेले. पदवी हातात आल्यावर थोड्याच दिवसांत तिने पेपरात जाहिरात पाहिली: गणिताची पदवी असलेल्या स्त्रिया पाहिजेत. तिने फ्रॅनला कळवलं. दोघी मुलाखतीला गेल्या आणि दोघींची निवड झाली. पगार वर्षाला १६२० डॉलर. हुद्दा काय होता माहीत आहे? कम्प्युटर! त्या काळी कम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारं माणूस. आणि सरकारी दप्तरात या पदवीधर मुलींचा दर्जा होता उप-व्यावसायिक. म्हणजे काम व्यावसायिकाचं, दर्जा त्याखालचा.

काम होतं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये, सैन्याच्या अ‍ॅबर्डीन इथल्या तोफगोळ्यांच्या प्रयोगशाळेसाठी. भाचा ज्यांना छापील तक्ते म्हणाला, तेच हे काम. नवी तोफ निघाली की तिचा तक्ता लागायचा. तोफ किती उंच धरली, दारूचा भार किती, गोळा किती वजनाचा, हवा गरम की गार, वारा कुठला, तर गोळा नेमका कुठे पडेल. रणांगणावरच्या तोफचीला गणित करत बसायला वेळ नाही. तो तक्ता उघडणार, बोट ठेवणार आणि तोफ लावणार.

आता हा हिशेब कसा करायचा? पोरं कैरी पाडायला दगड मारतात ते आठवा. दगड वर जातो, मंदावतो, वळतो, खाली येतो. त्याचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. वेग बदलला की हवेचा अडथळा बदलतो. अडथळा बदलला की पुन्हा वेग बदलतो. शेंडी आणि गाठ एकमेकींत अडकलेली. म्हणून या मुली गोळ्याच्या प्रवासाचे बारीक तुकडे करायच्या. या क्षणी गोळा इथे, वेग एवढा, अडथळा एवढा, तर पुढच्या क्षणी तो कुठे असेल? ते काढायचं, कागदावर मांडायचं, त्यावरून पुढचा क्षण, मग त्यापुढचा. हाताशी होती टेबलावरची खडखड करणारी हिशेबाची यंत्रं. एका आकड्यात चूक झाली की पुढचं सगळं ओमफस.

असा एक मार्ग काढायला तीसहून जास्त तास लागायचे. आणि एका तोफेच्या तक्त्याला असे मार्ग लागायचे सुमारे तीन हजार. करा बरं हिशेब. एकटीने रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता केलं, तर तीस वर्षं! तोवर युद्ध काय थांबून राहणार आहे? म्हणून मुलींवर मुली भरती झाल्या. विद्यापीठात त्यांची संख्या पाऊणशेच्या घरात गेली. के आणि फ्रॅन यांना लवकरच तळघरातल्या एका अवाढव्य यंत्रावर नेमलं. दांडे, चाकं आणि फिरत्या तबकड्यांचं ते यंत्र हेच काम तासाभरात करायचं. तिथे त्या पाळीपाळीने राबायच्या, आठवड्याचे सहा दिवस. तरीही काम हटेना.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन माणसं, जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट, विजेवर चालणारं नवंच यंत्र बांधत होते. त्याचं नाव एनिअ‍ॅक. जवळपास १८ हजार व्हॉल्व्ह, आपल्या जुन्या रेडिओत असायचे तसे. वजन ३० टन. उंच कपाटांसारखे ४० भाग, एका मोठ्या दालनाच्या तीन भिंतींना लावून उभे. सेकंदाला ५००० बेरजा करणारं. यंत्र तर होतं, पण त्याला गोळ्याचा हिशेब समजावून सांगायचा कोणी? जून १९४५ मध्ये त्यासाठी सहा मुली निवडल्या. के, फ्रॅन, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ आणि रूथ लिख्टरमन.

गंमत म्हणजे, यंत्र गुप्त असल्यामुळे सुरुवातीला या सहाजणींना त्या दालनात पाऊलच टाकता येत नव्हतं. हातात नुसते नकाशे दिले, विजेच्या तारांचे. पुस्तक नाही, शिकवणारा नाही, सॉफ्टवेअर हा शब्ददेखील जन्माला यायचा होता. चूल न बघता स्वयंपाक शिका, असंच की हे! पण त्या शिकल्या. ज्यांनी यंत्र बांधलं त्या इंजिनीअरांना गाठून प्रश्न विचारले, एकेका भागाचं काम समजून घेतलं, एकमेकींना शिकवलं. मग कागदावर हिशेबाची मांडणी केली आणि आत जायची परवानगी मिळाल्यावर शेकडो तारा जोडून, बटणं फिरवून ती यंत्रात उतरवली.

के ने यात एक मोलाची भर घातली. हिशेब मोठा होता आणि यंत्राची जागा अपुरी पडत होती. तिच्या लक्षात आलं, की तेच तेच काम पुन्हा येतं तिथे नवी जोडणी कशाला हवी? एकदा केलेली जोडणीच पुन्हा वापरता येईल. यंत्रातला मुख्य नियंत्रक त्यासाठी वापरायचा. आपण नाही का, पाककृतीत दर वेळी तेल तापवा, मोहरी घाला, तडतडू द्या असं लिहीत? फोडणी करून घ्या, एवढंच लिहितो. ज्याला ठाऊक आहे, तो जातो, फोडणी करतो, आणि पुढच्या कामाला लागतो. आज जगातलं प्रत्येक सॉफ्टवेअर याच युक्तीवर उभं आहे. जीन जेनिंग्जने पुढे याचं श्रेय के ला मोकळेपणाने दिलं.

एक गोष्ट मला इथे टाळता येत नाही. ही सगळी आकडेमोड शेवटी माणसं मारण्यासाठीच होती. मी तलासरीत राहते. इथे १९४५ या वर्षाचा वेगळा अर्थ आहे. के ची निवड झाली त्याच्या आदल्या महिन्यात, २३ मे १९४५ ला, आमच्या तालुक्यातल्या झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी मारले गेले. आजही १० ऑक्टोबरला इथे लोक त्यांची आठवण काढतात. गोळी कुठे पडते याचा हिशेब कागदावर कितीही देखणा असला, तरी तिच्या पुढे कोणीतरी उभं असतं. के च्या हुशारीचं कौतुक करताना हे मी विसरू शकत नाही. तिच्या वडिलांनीही अशाच बंदुकांपुढे आयुष्य पणाला लावलं होतं.

यंत्र तयार होईपर्यंत युद्ध संपलं होतं. एनिअ‍ॅकने पहिलं मोठं काम केलं तेही हायड्रोजन बॉम्बच्या हिशेबाचं. पण यंत्राला काय शिकवायचं, हे माणसाच्या हाती. त्याच एनिअ‍ॅकवर १९५० साली हवामानाचा अंदाज पहिल्यांदा संगणकाच्या आकडेमोडीने काढला गेला. आज झाईच्या, डहाणूच्या कोळिणी नवऱ्याला समुद्रावर पाठवण्याआधी वाऱ्यापावसाचा इशारा मोबाइलवर बघतात, त्याचं मूळ त्या खटपटीत आहे.

१५ फेब्रुवारी १९४६ ला एनिअ‍ॅकचं थाटात उद्घाटन झालं. पाहुण्यांना दाखवायला सहाजणींनी गोळ्याच्या मार्गाचा हिशेब बसवला होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत एक चूक सापडत नव्हती. ती बेटी स्नायडरला झोपेत सुचली आणि सकाळी येऊन तिने एक बटण सरकवलं. मग प्रयोग झाला. जो गोळा हवेत ३० सेकंद राहिला असता, त्याचा मार्ग यंत्राने २० सेकंदांत काढून दिला. गोळा पडायच्या आधी उत्तर हजर! टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या लोकांची भाषणं झाली, रात्री मेजवानी झाली. सहाजणींना मेजवानीचं बोलावणं नव्हतं. त्या थंडीत आपापल्या घरी गेल्या. पेपरात फोटो आले, त्यांत यंत्रासमोर त्या उभ्या दिसतात. खाली नावं नाहीत.

पुढे यंत्र अ‍ॅबर्डीनला हलवलं, तिथे के ही गेली. ७ फेब्रुवारी १९४८ ला तिने जॉन मॉकलीशी लग्न केलं. त्याची पहिली बायको समुद्रात बुडून गेली होती, पदरी दोन मुलं होती. के ने नोकरी सोडली. पुढे तिला स्वतःची पाच मुलं झाली. सात मुलांचं घर, गावाबाहेरचा जुना वाडा, आणि नवरा आपल्या नव्या कंपनीच्या व्यापात. तिने मग गणित सोडलं का? नाही. नवऱ्याच्या पुढच्या यंत्रांसाठी हिशेबाच्या मांडण्या करायला ती मदत करत राहिली. फक्त त्यावर तिचं नाव नसायचं. यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. दुकानाच्या वहीतलं, शेताच्या हिशेबातलं, नवऱ्याच्या कामातलं आपलं किती काम असंच विनानावाचं असतं! मला तिचा राग आला नाही, पण जरा घशात अडकलं खरं.

१९७३ साली कोर्टाने एनिअ‍ॅकचं पेटंट रद्द ठरवलं आणि शोधाचं श्रेय दुसऱ्याकडे गेलं. मॉकली १९८० मध्ये गेला. के ला तेव्हा साठावं लागायला आलं होतं. गप्प राहायची सवय असलेली ही बाई तेव्हा बोलायला उभी राहिली, पण कोणासाठी? नवऱ्यासाठी. त्याच्या कामाचे जुने कागद तिने धुंडाळले, एका संशोधनाच्या नियतकालिकात लेख लिहिला, ठिकठिकाणी भाषणं दिली. स्वतःसाठी तिने भांडण केलं नाही. १९८५ मध्ये तिने सेव्हेरो अँटोनेली या छायाचित्रकाराशी लग्न केलं. पुढे तो आजारी पडला, तेव्हा त्याचीही सेवा केली.

के आणि तिच्या मैत्रिणींची बाजू मांडली ती कॅथी क्लायमन या मुलीने. ऐंशीच्या दशकात ती कॉलेजात शिकत होती. जुन्या फोटोंत एनिअ‍ॅकसमोर उभ्या असलेल्या बायका पाहून तिने विचारलं, या कोण? तिला सांगण्यात आलं, की असतील मॉडेल मुली. फ्रिजच्या जाहिरातीत नाही का फ्रिजला टेकून एक छान मुलगी उभी करतात, तशा! यंत्र उठून दिसावं म्हणून! कॅथीला ते पटलं नाही. फोटोतल्या मुलींचे हात तारांवर होते आणि नजर कामावर. तिने एकेकीला शोधून काढलं, त्यांच्या आठवणी टिपल्या. मग कुठे १९९७ साली त्या सहाजणींचा जाहीर सन्मान झाला. हिशेब बसवला तेव्हा के पंचवीस वर्षांची होती. नाव झालं तेव्हा शहात्तर!

२० एप्रिल २००६ ला पंच्याऐंशीव्या वर्षी कर्करोगाने के गेली.  तिच्या मागे आयर्लंडला तिची आठवण झाली. डब्लिन सिटी विद्यापीठाने आपल्या संगणक विभागाच्या इमारतीला तिचं नाव दिलं आणि २०१८ मध्ये त्या देशाच्या महासंगणकाचं नाव ठेवलं, के. तीन वर्षांची असताना जी मुलगी देश सोडून गेली, जिला तेव्हा फक्त आयरिश येत होतं, तिचं नाव त्या देशाने आपल्या सर्वांत मोठ्या गणिती यंत्राला दिलं.

आता माझ्या वर्गातल्या मुलीचं.

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी तलासरीच्या बाजारात भाजी घ्यायला गेले. एका कडेला गोणपाटावर कंदमुळं आणि शेंगा मांडून एक बाई बसली होती, आणि शेजारी माझी ती गप्प मुलगी. मला तिने पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक येत होतं, आई तोलून देत होती आणि पैशांचा सगळा व्यवहार पोरगी करत होती. वारलीत, तोंडी, भराभर. एका माणसाने वीस रुपये दिले, त्याला परत किती द्यायचे ते तिने बोटंही न मोडता सांगितलं. त्याने दोन रुपये कमी आहेत म्हणून हुज्जत घातली, तर त्याचा सगळा हिशेब तिने पुन्हा त्याच्यापुढे मांडला. खणखणीत आवाजात! माझ्या वर्गात चार महिने न फुटलेला तो आवाज होता.

मी भाजी न घेताच परत आले. मुलगी मंद नव्हती, माझा प्रश्नच तिच्यापर्यंत पोचत नव्हता. सुट्टीनंतर मी तिला म्हटलं, मला तुझ्या बोलीत आकडे शिकव. तिने हसून शिकवले. माझे उच्चार ऐकून सगळा वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून वर्गाचं कुलूप निघालं. आता पहिली-दुसरीला मी आधी त्यांच्या बोलीत बोलते, मग पुस्तकाच्या. फार मोठं काही केलं नाही मी. ती मुलगी आज बारावीला आहे, गणित घेऊन. पुढे तिला शिकायचंय. घरची ओढाताण आहे, बघू या कसं जमतं ते.

पण मैत्रिणींनो, मला झोप लागू देत नाही ती ही मुलगी नव्हे. तिच्या आधीच्या वर्षांच्या माझ्या वह्या अजून कपाटात आहेत. त्यांत आणखी काही नावांपुढे तोच शब्द लिहिलेला आहे, शाईने. त्या मुलांपैकी कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी बोटीवर, कोणाचं लग्न होऊन गेलं. त्यांना मी बाजारात बसलेलं कधी पाहिलं नाही, म्हणून मला कळलं नाही. के च्या फोटोखाली नाव नव्हतं, म्हणून लोकांना वाटलं, ही काही करत नसेल. माझ्या वर्गात आवाज नव्हता, म्हणून मला वाटलं, हिला काही येत नसेल. चूक एकच आहे.

के ची गोष्ट वाचून झाली त्या दिवशी मी त्या वह्या बाहेर काढल्या. शाई खोडता येत नाही. पण एकेक नाव घेऊन आता मी पाड्यापाड्यावर चौकशी करते आहे. आतापर्यंत चौघी भेटल्या. एकीची मुलगी येत्या जूनमध्ये माझ्याच वर्गात पहिलीला येणार आहे.

भाच्याला मी फोन करून सांगितलं, तुझ्या त्या सॉफ्टवेअरचे तक्ते कोण करायचं ते सापडलं बरं का. सैन्यातले कोणीतरी नव्हते. एका गवंड्याची मुलगी होती. तो क्षणभर गप्प झाला, आणि मग त्याने तिचं नाव नीट लिहून घेतलं.